घाडीच्या दोन पेट्या

सखाराम घाडीला गाणं-वाजवणं नीट ऐकायचं असलं की तो आधी चपला काढायचा. गिरगावातल्या वाद्यांच्या दुकानात मी त्याच्याबरोबर गेले होते, तेव्हा त्याने दारातच चपला काढल्या. दुकानदार म्हणाला, "काका, राहू द्या, देऊळ नाही हे." घाडी म्हणाला, "तुझ्या पाया पडाक नाय काढलंय. माका आयकूचा आसा." आणि अनवाणी पाय फरशीवर रोवून उभा राहिला. त्याची उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली होती, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. त्या गोंगाटाने त्याचे कान बारीक आवाजाला निकामी केले होते. कपबशीचा आवाज, घड्याळाची टिकटिक त्याला यायची नाही. जाड आवाज आपण पायातून घेतो असं तो सांगायचा. हे खरं की त्याची समजूत, मला माहीत नाही. डॉक्टर हसला होता.

घाडी आणि मी एकाच गावचे, मालवणकडचे. मी मोठी, म्हणून तो मला 'बाय' म्हणायचा आणि मी त्याला अरेतुरे करायचे. काळाचौकीच्या चाळीत मी पहिल्या मजल्यावर आणि तो बरोब्बर माझ्या डोक्यावर, दुसऱ्या. मधे लाकडी तक्तपोशी. तो साच्यावर होता, मी त्याच गिरणीत वाइंडिंगला, सुताच्या बॉबिनी भरायला. संप झाला आणि दोघंही घरी बसलो. त्याने बायकोमुलांना गावी पाठवलं, मी भाजी विकायला लागले.

बेनी त्याच संपात आमच्या चाळीत यायला लागला. बेनी गिरगावचा ख्रिश्चन, आमच्याच गिरणीत फिटर. दुपारी गिरगावातून चालत यायचा, पाठीवर एक गिटार आणि हातात दुसरी. घाडी मंडळात बेंजो वाजवत असे, त्यामुळे हाताला सवय होती. बेनीने त्याला सहा तारांची साधी गिटार दिली आणि स्वतः चार जाड तारांची घेतली. तिला बेस म्हणतात. मंडळाच्या स्पीकरला लावून ती वाजली की खाली माझ्या फळीवरचे डबे थरथरायचे. संपात डबे रिकामे होते, म्हणून जास्तच वाजायचे. मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. वरून बेनी ओरडायचा, "सॉरी, बाय!" आणि वाजवत राहायचा.

बेनीला एक खोड होती. तो मागून वाजवायचा. मला गाण्यातलं कळत नाही, पण हे कळायचं, कारण घाडीचा सूर आधी ऐकू यायचा आणि डबे किंचित नंतर वाजायचे. घाडी भडकायचा. म्हणायचा, "साचो थांबता, पन कोणाची वाट बघणा नाय. मेल्या, तू खय रवलंस?" बेनी सावकाश म्हणायचा, "तू जा ना पुढे. मी आलोच." हे भांडण संप संपला की नाही हे कळायच्या आत सुरू झालं आणि गिरणी कायमची बंद झाली तरी चालूच राहिलं. घाडी हिंदमाताला कापडाच्या दुकानात गाठी उचलायला लागला, बेनी लोकांची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि लग्नात, पूजेत, ऑर्केस्ट्रात दोघं जोडीने वाजवायचे. घरी येताना घाडी जिन्यावरच मला सांगायचा, "आज पन माती खाल्ल्यान बेनीन."

पुढे बेनी आजारी पडला आणि गेला. घाडी रडला नाही. निदान मी पाहिलं नाही. गिटार खाटेखाली गेली, एवढं पाहिलं.

बेनीला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्याची बायको मार्थाबाई स्वतः चाळीत आली. माझ्याच खोलीत बसली, कारण दुसऱ्या मजल्यापर्यंत तिचे गुडघे चढेनात. मी घाडीला खाली बोलावलं.

ती म्हणाली, "सखाराम, वर्षाच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये जेवण ठेवलंय. तुम्ही दोघं शेवटाला जे वाजवायचात ना, ते वाजव."

"एकट्यान कसा वाजवू? अर्धा तेचा होता."

"ते तू बघ. पण त्याच्या जागी दुसरा माणूस बसवू नको हां. मला बघवणार नाही."

"मगे बेस कोण वाजवतलो?"

"त्याची गिटार घेऊन जा. कपाटात आहे."

घाडीने डावा हात पुढे केला. साच्यातला सूत नेणारा धोटा उडून त्याच्या दोन बोटांवर बसला होता, ती वाकडी झाली होती. साध्या गिटारीच्या तारा कशाबशा दाबल्या जायच्या, बेसच्या जाड तारा नाहीत. मार्थाबाईने हात पाहिला आणि म्हणाली, "माझं म्हणणं मी सांगितलं." चहा पिऊन ती गेली. घाडी तिला नाही म्हणाला नव्हता, म्हणजे हो झालं होतं.

म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानदार बेनीला ओळखत होता. त्याने घाडीला पायाने दाबायचं एक यंत्र दाखवलं. पाय मारायचा, वाजवायचं, परत पाय मारायचा, की जे वाजवलं ते आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहतं आणि आपण त्यावर दुसरं वाजवायचं. घाडीने त्याचं नाव चकरी ठेवलं. "बरा आसा. पन माझी गिटार बारीक बोलता. बेस खयसून हाडू?" त्यावर दुकानदाराने आणखी दोन लहान पेट्या काढल्या. एक ऑक्टेव्हची, ती गिटारीचा सूर एक सप्तक खाली नेऊन जाड करते. दुसरी पिच बदलणारी, ती सूर पाहिजे तेवढा खाली नेते, पाहिजे तेवढा वर नेते.

मी म्हटलं, "दोन्ही खालीच नेतात ना? मग दोन कशाला?"

दुकानदार बोलायला लागला. बराच वेळ बोलला. घाडी मान हलवत होता आणि मी घाडीकडे बघत होते, आणि त्याला काही कळलं नव्हतं हे मला कळत होतं. शेवटी दुकानदारच दमला. "काका, दोन्ही घरी न्या. वाजवून बघा. एक ठेवा, एक परत आणा. बेनी अंकलसाठी आहे, घाई नाही."

घाई नव्हती म्हणूनच सगळा गोंधळ झाला. घाई असती तर एक उचलली असती आणि विषय संपला असता.

पहिले काही दिवस घाडीने वायरी जोडण्यातच घालवले. गिटारीची वायर चकरीत, चकरीची पेटीत, पेटीची स्पीकरात. जाड सूर वाजवून चकरीत भरला, ठीक. मग वर साधी गिटार वाजवायला म्हणून पेटी बंद केली, तर भरलेला जाड सूरही बारीक झाला. पेटी चालू केली तर वरची गिटारही रेड्यासारखी हंबरायला लागली. एक तर सगळं जाड, नाही तर सगळं बारीक. पेटी बदलली, तरी तेच. शेजारचे गॅलरीत उभे राहून मतं द्यायला लागले. कोणी म्हणालं पेट्या खराब आहेत, कोणी म्हणालं चाळीतली वीज कमी पडते. एकाने सांगितलं, "घाडीकाका, बोंबील विका, त्यात एवढी डोकेफोड नाही." घाडी म्हणाला, "तुझ्यासारखो सुको बोंबील कोण घेतलो?"

एका दुपारी तो माझ्या दारात आला आणि आत न येता माझ्या खाटेवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "काय झालं?"

"गो बाय, ह्यो तांबडो पट्टो. ह्येचा सूत आधी रंगवलेला ना?"

"मग? विणल्यावर रंगवलं असतं तर अख्खी चादर तांबडी झाली असती."

"ताच केलंय मी," तो म्हणाला. "माका वाटला, फिनिशिंग शेवटाक. गिरणीत फिनिशिंग शेवटाकच होता. म्हणून पेटी चकरीच्या मागसून लावलंय. आधी व्हई होती. सूत रंगव, मगे विण." आणि जिना चढून वर गेला. हे त्याने जन्मभर केलं. जगातलं काहीही गिरणीत नेऊन पाहिल्याशिवाय त्याला पटायचं नाही. या खेपेला त्याचा फायदाही झाला आणि तोटाही.

गिटारीची वायर आधी पेटीत आणि मग चकरीत गेली, तेव्हा दोन्ही पेट्या चालायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. पण खरा घोळ त्यानंतर सुरू झाला.

ऑक्टेव्हची पेटी एका वेळी एकच सूर घ्यायची. घाडीचं वाकडं बोट शेजारच्या तारेला लागलं की ती गुळण्या केल्यासारखा आवाज काढायची. पिचच्या पेटीला बोटांचं काही वाटत नसे, कितीही तारा दाबा, सगळ्या खाली नेणार. पण तिचा आवाज पत्र्याचा, आणि तार छेडल्यावर तो क्षणभर थांबून यायचा. घाडीला पिचची पेटी बोटांसाठी हवी होती आणि तो उशीर नको होता. ऑक्टेव्हच्या पेटीचा आवाज हवा होता आणि गुळण्या नको होत्या. सकाळी एक पेटी नक्की व्हायची, संध्याकाळी दुसरी. मी दोनदा पिशवीत घालून परत न्यायला निघाले आणि दोन्ही वेळा जिन्यावरून परत बोलावली गेले.

शेवटी तो म्हणाला, "बाय, तूच सांग. तुका गाण्यातला काय्येक कळणा नाय, म्हणून तू खरा सांगतलंस. माझ्या कानांचो भरवसो नाय."

मी म्हटलं, वाजव, मी खालून ऐकते. पण आता माझे डबे भरलेले होते, डाळ, तांदूळ, रवा. भरलेला डबा काय वाजणार? म्हणून एका डब्यातला रवा परातीत काढला आणि रिकामा डबा पूर्वीच्याच जागी ठेवला. वर त्याने आधी पिचची पेटी लावली, चकरीत भरलं, त्यावर आपली गिटार वाजवली. डबा गप्प. मग ऑक्टेव्हची. झाकण खडखडलं. थेट बेनी वाजवायचा तसं.

मी वर जाऊन सांगितलं, "पहिलीला डबा वाजला नाही. दुसरीला वाजला."

तो खूश झाला. "मगे ऑक्टेव्ह."

मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण विचारलं होतं म्हणून जे होतं ते सगळं सांगितलं. "पण पहिली बेनीसारखी मागून येते. ही दुसरी तुझ्याबरोबरच येते. बेनी तुझ्याबरोबर कधी आला?"

घाडी खाटेवर बसला. मग माझ्यावरच उखडला. "बाय, माका कित्याक पिसो करतंस? एकीत तेचो आवाज आसा, दुसरीत तेचो उशीर आसा. आता मी काय करू?"

"मला विचारलंस म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, दोन्ही जोडून लावा. दोन्ही लावल्या तर आवाजाचा चिखल झाला. गॅलरीतल्या लोकांनी आता मतं देणं सोडलं होतं, ते नुसते दारं लावून घ्यायचे. मार्थाबाईचा निरोप आला, जेवणाचं ठरलं आहे, माणसांना कळवलं आहे. घाडीचं जेवण कमी झालं. मी भाकरी पाठवायचे, ती तशीच खाली यायची. पेटीसाठी कोणी जेवण टाकतं का? मला राग आला आणि मी वर गेले.

"तो उशीर पेटीतनंच कशाला यायला पाहिजे?" मी म्हटलं. "तुझे हात काय देवळात ठेवलेत? तू उशिरा वाजव."

"माका जमणा नाय."

"आयुष्यभर त्याला शिव्या घातल्यास. एवढं ऐकलंस तरी तुला येत नाही?"

"गो, शिव्या घातलंय, म्हणूनच येणा नाय. हात आपसूक वेळेवर पडतत."

तरी त्याने ऑक्टेव्हची पेटी ठेवून घेतली, दुसरी मीच दुकानात देऊन आले, आणि तो उशीर शिकायला बसला. सोपं वाटतं, सोपं नव्हतं. चकरीवर पाय अगदी वेळेवर मारावा लागतो, नाही तर फिरताना ती लंगडते. म्हणजे पाय वेळेवर आणि हात मागे. त्याचा हात मागे गेला की पायही मागे जायचा आणि चकरी लंगडायची. पाय सांभाळला की हात पुढे पळायचा. वरून दिवसभर लंगडं गाणं आणि घाडीच्या स्वतःलाच घातलेल्या शिव्या. माझा रवा परातीतच राहिला होता, त्यात मुंग्या झाल्या.

मग एकदा माझा डबा बरोबर वाजला. वरच्या त्याच्या पायाच्या ठोक्याच्या किंचित मागून, पण लंगडा नाही. पुन्हा तसाच. पुन्हा. मी वर गेले तर घाडी हात थांबवून बसला होता आणि चकरी फिरत होती.

मी म्हटलं, "जमलं की."

"बोट एकाच तारेर पडाक व्हया, नाय तर गुळण्यो करता. म्हणून जरा बघून दाबूक लागलंय. बघून दाबला की उशीर होता." त्याने गिटारीकडे पाहिलं. "बाय, बेनी उशीर करी नव्हतो गो. तो माझो सूर खरो लागलो काय ता बघी, आणि मगे आपलो घाली. मी चुकलंय तर तो माझ्या चुकीबरोबर जाय. म्हणून लोकांक आमची चूक कधी कळली नाय."

हे खरं असेल का, मला माहीत नाही. बेनी खरोखरच आळशी असेल. विचारायला तो नव्हता. घाडीला मात्र ते पटलं होतं आणि पटलं म्हणून त्याला बरं वाटलं असंही दिसलं नाही.

प्रार्थनेच्या दिवशी आम्ही गिरगावात गेलो. हॉल छोटा, पंखे मोठे, माणसं भरपूर. बेनीचे नातेवाईक, जुने ऑर्केस्ट्रावाले, गिरणीतले दोन-तीन फिटर. जेवणाआधी मार्थाबाईने घाडीला पुढे बोलावलं. तो एका स्टुलावर बसला. पाय वेळेवर मारला, खालचे सूर वाजवले, प्रत्येक सूर जरासा मागे, परत पाय मारला. चकरी फिरायला लागली. लाकडी खुर्च्यांमधून तो आवाज मलाही मांडीला लागला. आता त्यावर घाडीची गिटार यायची होती.

ती आली नाही.

त्याने पेटी बंद केली होती, बोटं तारांवर ठेवली होती, पण वाजवेना. खालचे सूर एक फेरी झाले, दुसरी झाली. लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. मागे कुणीतरी कुजबुजलं, एका फिटरने उठून वायर बघितली. मार्थाबाई पहिल्या रांगेतून म्हणाली, "सखाराम, वाजव ना रे." घाडीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. नंतर त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली. चकरी चालूच. वर कुणाचं गाणं नाही, नुसतं ते खालचं चालणं. हळूहळू लोक कुजबुजायचे थांबले. मला वाटतं, बेनीच्या सगळ्या आयुष्यात त्याचं वाजवणं कोणी असं एकटं ऐकलं नसेल. नेहमी वरती कुणी ना कुणी असायचाच.

पण ते यंत्र आपणहून थांबत नाही. जेवण गार होत होतं, वाढपी दारात उभे होते, आणि सगळे घाडीकडे बघत होते. घाडीने माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तू बंद कर. माझ्यान होवचा नाय."

मी उठले. मला त्यातलं काही येत नव्हतं. एकदा पाय ठेवला तर लाल दिवा लागला आणि आवाज चालूच. परत ठेवला तर हिरवा लागला आणि आवाज चालूच. मागून कोणीतरी सांगितलं, लागोपाठ दोनदा मारा. मी मार्थाबाईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. मी दोनदा पाय मारला.

बंद झालं. तिने डोळे उघडले आणि वाढप्यांना म्हणाली, "चला, वाढा."

परत येताना बसमध्ये मी त्याला विचारलं, "एवढा जीव काढलास, मग तुझं का नाही वाजवलंस?"

मला वाटलं, त्याला ऐकूच आलं नाही. लालबाग आल्यावर उठता उठता म्हणाला, "तेच्यार काय वाजवूचा ता सुचला नाय. आयकत होतंय."

त्यानंतर घाडी गावी गेला आणि काही वर्षांनी तिथेच वारला. मधे फोनवर बोलायचो. गिटार वाजवतोस का, असं विचारलं की 'हां' म्हणायचा. वाजवत होता की मला बरं वाटावं म्हणून म्हणायचा, ते मी त्याच्या बायकोला विचारलं नाही.